रात्रपाळी

निफाडला म्हणे काल पारा पाचावर गेला.
आमच्या शरणपुरात त्याहून थोडं बरं,
तरी खोबरेल तेलाची बाटली सकाळी दगड.
केझिया ती काखेत धरून बसते,
म्हणते, हलू नका आजोबा, अंडं उबवतेय.

मुलं वीस तारखेला आली,
एक बॅग कपड्यांची, एक नुसत्या चार्जरांची.
मी माळ्यावरून खोकं काढलं.
खोक्यावर सुगंधाचं अक्षर : नाताळ. नीट धरणे.
नीट धरलं.

आधी चांदणी.
बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, घरी शिजवलेली खळ.
एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तिकिटांचे ताव तपासले.
कडेचा एक दात सरकला की अख्खा ताव रद्द.
आता कात्रीच थरथरते.
पाचवं टोक आखूड पडलं.
अबनेर म्हणाला, लंगडी आहे, हळूहळू येईल.
मी गप्प खळ लावली.

करंज्यांत सहा फुटल्या.
त्या कढईपाशी उभ्यानेच खाल्ल्या तिघांनी,
बोटं भाजत, फुंकत,
खाली पडलेलं सारण मुंग्यांना ठेवून.

गोठा द्राक्षांच्या खोक्याचा.
पेंढ्याला अजून गेल्या हंगामाचा आंबूस वास.
मरिया, योसेफ, एका कानाचं गाढव,
आणि तीन मेंढपाळांतला उरलेला एक,
उघड्या डोक्याचा.
याला थंडी नाही वाजत?
वाजत असणार.
मग शास्त्रात का नाही लिहिलं?
मी माझ्या जुन्या मोज्याचं टोक कापलं,
केझियाने डोळ्यांपुरती खिडकी पाडली.
माकडटोपी झकास बसली.
राजे लांब टीव्हीवर उभे, मुकुट घालून.
त्यांची काळजी कुणी केली नाही.

तेविसाला सकाळी मखमलाबादकडे फिरायला गेलो.
तोंडातून वाफा काढत, आगगाडी होऊन.
द्राक्षाच्या मळ्यात रात्रीच्या शेकोट्या
अजून धुमसत होत्या.
पलीकडे मोकळ्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला.
एका बाईच्या घोंगडीतून
कालच जन्मलेल्या कोकराचं तोंड बाहेर.
अबनेरने डबा पुढे केला.
करंज्या? कुणाचं लगीन हाय?
लग्न नाही, वाढदिवस. आमच्या घरी बाळ आहे, खोक्यात.
बाईने माझ्याकडे बघितलं.
लांबची गोष्ट आहे, म्हणालो.
सांगा की मग, मेंढरं चरत्यात तवर.

इतकी वर्षं ऐकत आलेली गोष्ट
मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो,
चुलीपाशी उकिडवा बसून, गुडघे कुरकुरत.
धर्मशाळेत जागा नव्हती, तिथे तिने मान हलवली.
देवदूतांपाशी चुलीत काटकी सारली.
मेंढपाळ निघाले धावत गावाकडे, म्हणालो,
आणि तिने मला थांबवलं.
समदेच गेले?
राती?
मग मेंढरांपाशी कोण ऱ्हायलं?

मला उत्तर आलं नाही.
घरी परतताना मला आठवत होत्या
चोवीस डिसेंबरच्या रात्रपाळ्या.
मशीन बंद ठेवता येत नाही, कुणीतरी लागतंच.
सुगंधा दोन्ही मुलांना स्वेटर चढवून
एकटीच चर्चला निघायची,
आणि मी दिव्याखाली दात मोजत.
तिने कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही
की बारा वाजता घंटा ऐकू येते का म्हणून
मी एक खिडकी उघडत असे.

चोविसाला संध्याकाळी गाणी म्हणत मंडळी आली.
लंगडी चांदणी दारात, बल्ब जरा जास्तच पिवळा.
सगळे गोठ्यापाशी वाकले.
ओहोळबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
अहो, यंदा मेंढपाळ कुठाय?
अबनेरने खिडकीकडे बोट केलं.
बाहेर कठड्यावर, थंडीत, चार मातीची मेंढरं
आणि त्यांच्याकडे तोंड करून तो, मोज्याच्या टोपीत.

रात्रपाळीला, अबनेर म्हणाला.

मी उठलो,
खिडकी थोडी उघडी ठेवली.